केळं, चावी, घोडा, छत्री

मंगरूळपीरला तहसीलच्या बाजूच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन. माझा आवाज मोठा, डोकं लवकर तापतं, आणि त्या दुकानात बसून ते आणखीच तापायला शिकलं. लोक मोबाइल काउंटरवर असा ठेवतात, जसा काही त्यांचा पासवर्ड मी आईच्या पोटातूनच शिकून आले. "ताई, त्यातलं आधार काढा." कुठं आहे? "असंन त्यातच कुठंतरी." मग मी बोट फिरवत बसायचं. त्याची बायको, त्याचा बैल, मेव्हणीचं लग्न, दवाखान्याची चिठ्ठी, आणि ह्या सगळ्याच्या खाली कुठंतरी आधार कार्ड.

पूर्वी तर लोक सरळ दुकानाच्या नंबरवर कागद पाठवायचे. पासबुकं, जातीचे दाखले, पोरींच्या मार्कशीटा, सगळं माझ्या मोबाइलमध्ये येऊन पडायचं आणि पडूनच राहायचं. एकदा मी एका माणसाचा सातबारा शोधत होते आणि स्क्रीनवर भलतंच उघडलं, एका बाईच्या काडीमोडाचा कोर्टाचा कागद. बाजूला तिच्याच गावची दुसरी बाई मान लांब करून उभी. मी चटकन हातानंच स्क्रीन झाकली. तिनं तो वाचला असता तर संध्याकाळच्या एसटीसोबत गावात पोचला असता. त्या दिवशी मी खरंच घाबरले. लोकांची अब्रू माझ्या दुकानात उघडी पडली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

त्यावर इलाज काढला माझ्या पुतणीनं. ती माझ्या जेठाची, म्हणजे थोरल्या दिराची, एकुलती एक मुलगी. जेठ लवकर गेले, घर किन्हीराजाला, म्हणून कॉम्प्युटरच्या कोर्सला ती माझ्याकडे मंगरूळपीरला राहिली आणि उरलेल्या वेळात दुकानात बसायची. माझ्याशी भांडायला तिच्याइतकं तयार माणूस मी दुसरं पाहिलं नाही. स्टेपलरच्या पिना संपल्या तरी आमचं वाजायचं. त्या दिवशी तिनं मला खुर्चीतून उठवलं, सगळे जुने कागद पुसून टाकले आणि दुसरंच एक ॲप टाकून दिलं.

"काकू, याच्यात मधे कोनीच नाही," ती म्हणाली. "त्याच्या मोबाइलमधून निघालं की सरळ आपल्याकडं. नेट नको, नंबर नको, कुठं दूरच्या मशीनवर कापी राह्यत नाही. वाटेत कोनी धरलं तरी उघडत नाही, कुलूप राह्यते त्याले."

"मधे कोनी नाही मंजे काय?" मी विचारलं. "हवेतून जाते काय?"

"आपुन एसटीत कंडक्टरजवळ डबा देतो ना गावाले पाठवाले? तो डबा कंडक्टर उघडू शकते, नाही काय? हे मंजे मी स्वतः चालत येऊन तुह्या हातात डबा देनं."

हे मला कळलं. भानगड राहिली ती वेगळीच. आमच्या तालुक्यात एक स्वस्तातला मोबाइल असा काही खपला होता, की दुकानात उभ्या असलेल्या निम्म्या लोकांच्या हातात तोच. ॲपमध्ये सगळ्यांचं नावही तेच दिसायचं. एकदा मी एकाच्या भावाच्या लग्नाची पत्रिका करून त्याला पाठवली आणि ती गेली रांगेतल्या तिसऱ्याला. तो मोबाइलकडे पाहत ओरडला, "बाप्पा! माह्या मोबाइलात कोनाचं लगन लागून राह्यलं?" सगळं दुकान हसलं. ज्याचं लग्न होतं त्याचा भाऊ तेवढा हसला नाही.

तेव्हा पुतणीनं मला दाखवलं, की नावाच्या खाली चार बारीक चित्रं असतात. प्रत्येक मोबाइलची वेगळी, आणि दर वेळी ॲप उघडलं की नवी. घ्यायला बसलेल्याच्या मोबाइलवर जी चार, तीच देणाऱ्याला त्याच्या नावाखाली दिसली पाहिजेत. म्हणजे माणूस तोच. तेव्हापासून दुकानाचा नियमच झाला. देणाऱ्यानं चार चित्रं मोठ्यानं म्हणायची, घेणाऱ्यानं आपल्या स्क्रीनवर पाहून "बरोबर" म्हणायचं, मगच पाठवायचं. ती बाहेरच्या टेबलावरून ओरडायची, "कासव, विमान, कांदा, घंटा!" आणि मी आतून, "बरोबर!" पाठवून झालं की ती विचारायची, "पोचलं?" मी म्हणायचे, "पोचलं." बाहेरून जाणारे थांबून पाहायचे, की ह्या दोघी बाया भाजी विकतात की डोक्यावर पडल्या आहेत.

मग तिचं लग्न झालं.

मुलगा अकोल्याला नोकरीला. घरचा चांगला, दिसायला चांगला, बोलायला तर इतका मऊ, की आमच्या घरात कोणी कधी इतक्या हळू बोललंच नव्हतं. सासूला तो "आई" म्हणायचा. आल्याबरोबर पाया पडायचा, जेवण झालं की स्वतःचं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवायचा. तिची आई, माझी मोठी जाऊ, तेवढ्या एका ताटावर जीव ओवाळून टाकायला तयार होती. घरात पुरुष माणूस नव्हतं, सगळं एकटीनं ओढलेलं. तिला वाटलं, आता कोणीतरी आहे. "माहा जवाई नाही, माहा पोरगाच आहे तो," असं ती गावात सांगत फिरायची. मलाही तो आवडायचा, खोटं कशाला बोलू.

लग्नानंतर पुतणीचे मेसेज यायचे. "मस्त आहे काकू." "छान चाललं आहे काकू." "हे खूप काळजी घेतात." मी वाचायचे आणि म्हणायचे, अवं माय, ही पोरगी सुधारली वाटते. पिनांवरून भांडणारी पोरगी "खूप काळजी घेतात" लिहायला लागली, तर माणसानं अजून काय समजावं? लग्न झालं की पोरी बदलतात, असं आपण म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

आमच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, किन्हीराजाला मोठ्या घरी बसतात. मी आणि आमचे हे आदल्या दिवशीच जातो, कारण पूजा आमच्या हातून होते. त्या वर्षी पुतणी जेवणाच्या दिवशी सकाळी आली, जवायासोबत, त्याच्या गाडीतून. संध्याकाळी परत जायचं होतं. मी म्हटलं, दोन दिवस राहू द्या हो पोरीले. तो हसला आणि इतक्या गोड आवाजात "नक्की राहिली असती काकू, पण मलाच करमत नाही" म्हणाला, की सगळ्या बाया लाजल्या.

स्वयंपाकघरात मी पुरण वाटत होते. पुतणी पोळ्या लाटायला बसली. जाऊ आंबील पाहायला मागच्या चुलीकडे गेली, तेवढ्यात पुतणी मान खाली ठेवूनच म्हणाली, "काकू, दुकानातलं ते चालू ठेवशीन मोबाइलमधे?"

"कोनतं ते?"

"चार चित्रंवालं."

"येडी झाली काय वं? इथं पुरन वाटून राह्यली मी, अन् तुले झेरॉक्स आठवून राह्यलं?"

"हळू बोल ना काकू."

ती कधी मला हळू बोल म्हणाली नव्हती. उलट मोठ्यानं बोलायची, माझ्यावर ताण करायची. मी पुरणयंत्राचा दांडा सोडला आणि तिच्याकडे पाहिलं. ती लाटत होती. पोळी फाटली होती आणि तरी ती लाटतच होती.

"काय द्यायचं आहे ते मेसेजवर टाक ना," मी म्हटलं, आता मात्र हळू.

"माहे मेसेज त्याच्या मोबाइलमधे उघडतात. सगळे. मी इकडं लिहितो, तो तिकडं वाचते. फोटो, फोन, काय पुसलं, काय नाही, रोज हातात घेऊन पाहते. एकच गोष्ट गाण्याच्या फोल्डरमधे लपवून ठेवली आहे, तेवढी त्याले घावली नाही." तिनं फाटलेल्या पोळीचा गोळा केला. "मस्त आहे काकू, असं लिहीत होती ना मी तुले? ते तुले नव्हतं. ते त्याच्यासाठी लिहीत होती."

 पुरण कोपरापर्यंत लागलेलं, समोर चूल पेटलेली, आणि मला थंडी वाजली. इतके महिने मी त्या मेसेजांवर बदाम पाठवत होते.

"आईले सांगतलं काय?" मी विचारलं.

"सांगतलं."

"मंग?"

"आई त्याले सांगते." ती पहिल्यांदा वर पाहून बोलली. "तिले वाटते तो समजदार आहे. म्हणते, मी बोलतो जवाईबापूसंगं, ते समजून घेतीन. अन् बोलते. मंग घरी..." ती थांबली. "मधे कोनी नको काकू. आईबी नको."

जाऊ आंबिलीचं पातेलं घेऊन आत आली आणि आम्ही दोघी पोळ्यांबद्दल बोलायला लागलो. काय बोललो ते मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं, की जाऊ म्हणाली, "पाय बरं, काकू भेटली की माही पोरगी कशी खुलते."

जेवायच्या आधी मी मोबाइल काढला, ॲप उघडलं, "घ्या" वर बोट ठेवलं. चार चित्रं आली. केळं, चावी, घोडा, छत्री. मोबाइल मी कमरेला खोचला आणि वाढायला लागले. मनात म्हटलं, पोरगी मीठ मागायच्या निमित्तानं येईल, मी दाखवीन, झालं. पण ती येईना. जवाई तिच्या बाजूलाच. ती उठली की तो उठे, पाणी आणतो म्हणे. बाया म्हणत, किती जीव लावते पाहा. सकाळी मीही तेच म्हटलं होतं. आता मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं, आणि पाहिलं नाही तर त्याला कळेल, म्हणून पाहून हसत होते. जबडा दुखायला लागला माझा.

वरून एक घोळ झाला. लाईट गेली होती आणि लाईट गेली की आमच्या तिकडचा टॉवरही झोपतो. पोरासोरांनी महालक्ष्म्यांचे फोटो काढले होते आणि नेट नाही म्हणून एकमेकांना त्याच ॲपवरून देत होते. जवाईही त्यात. लग्नाच्या वेळी फोटो घ्यायला पुतणीनंच त्याच्या मोबाइलमध्ये ते टाकून दिलेलं. आणि त्याचा मोबाइल आणि माझा मोबाइल एकच, कंपनीही एक, रंगही एक. सकाळीच त्यानं माझा हातात घेऊन म्हटलं होतं, "काकू, आपली आवड जुळते." माझा मोबाइल नवा होता, त्याचं ॲपमधलं नाव बदलून द्यायला पोरगी कुठं होती आता दुकानात? म्हणजे तिच्या स्क्रीनवर त्याचं आणि माझं नाव सारखंच दिसणार होतं. एक बोट चुकलं की जे माझ्याकडे यायचं ते त्याच्या हातात जाऊन वाजलं असतं.

पंगत उठली. बाया पान खायला बसल्या आणि नेहमीप्रमाणं सुरू झालं, "नाव घे! नव्या नवरीनं नाव घे!" पुतणी नाही म्हणेल असं मला वाटलं. ती उठून उभी राहिली.

"पाठ नाही मले," ती म्हणाली. "मोबाइलमधे लिहून आनलं आहे. पाहून घेऊ काय?"

सगळ्या हसल्या. "आजकालच्या पोरी! नवऱ्याचं नावबी मोबाइलात पाहून घेतात!" जवाईही हसला. त्यानं आपला मोबाइल काढला आणि तिचा व्हिडिओ काढायला लागला. माझ्या मात्र ध्यानात आलं, ती काय करते आहे. मी कमरेचा मोबाइल काढून पदराखाली धरला.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग दुकानात ओरडायची तशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"महालक्ष्मीच्या ताटात केळं, कुलपाले लावली चावी,
घोड्यावरून उतरला, त्याले छत्री कोनं द्यावी?"

मी पदराखाली पाहिलं. केळं. चावी. घोडा. छत्री.

"बरोबर!" मी ओरडले. सवयीनं, दुकानासारखी. अख्खी खोली माझ्याकडे वळली.

"काय बरोबर काकू?" कोणीतरी विचारलं.

"उखाना बरोबर आहे म्हणतो मी," मी म्हटलं. "यमक बसलं."

पदराखाली मोबाइल थरथरला. "स्वीकारा" आलं. मी न पाहताच अंगठा दाबला आणि मनात देवीला म्हटलं, हा माझाच अंगठा असू दे आणि हे माझंच बटण असू दे.

"अवं पन नाव कुठं गेलं?" एका म्हातारीनं विचारलं. "छत्री दिली, केळं दिलं, नवरा राह्यला!"

"हो, घे की नाव," जवाई कॅमेऱ्याआडून म्हणाला. "विसरलीस का?"

पुतणीनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "हो," ती म्हणाली. "विसरली."

बाया खो खो हसल्या. त्यांना वाटलं, पोरगी फिरकी घेते. तोही हसला, पण त्याचा हात पुढे आला आणि त्यानं तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला. "बघू, काय लिहिलंय ते." वर वर पाहिलं, ॲप तिनं तोवर बंद केलं असावं, आणि तो मोबाइल स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. "निघू या आई," तो माझ्या जावेला म्हणाला. "अंधार पडायच्या आत पोचलेलं बरं." तिचा मोबाइल आता त्याच्याजवळ आणि गाडीत ती त्याच्याजवळ. घरी पोचल्यावर तो त्यात काय पाहील, ते मला आताच दिसत होतं.

जाऊ शिदोरी बांधायला लागली. ओटी मी भरायची होती. मी "तांदूळ आणतो" म्हणून उठले, डबा घेऊन मागच्या न्हाणीत शिरले, दार लोटलं, आलेलं रेकॉर्डिंग लावलं आणि मोबाइल कानाला धरला.

आधी पंख्याचा आवाज. मग तो. तोच मऊ आवाज, तोच, ज्या आवाजात त्यानं दुपारी "काकू, वरण फार छान" म्हटलं होतं. "तुझ्या आईचा फोन आला होता. तू काय काय सांगितलंस, सगळं सांगितलं त्यांनी मला. साध्या आहेत बिचाऱ्या."  मग काहीतरी आदळल्याचा आवाज, आणि आमच्या पोरीचा श्वास. ओरडणं नाही. नुसता आत ओढलेला श्वास. "ओरडू नकोस, खाली घरमालक आहेत. आणि तोंडावर नाही मारत मी तुला. महालक्ष्मीला माहेरी जायचं आहे ना?"

 मी मोठ्या आवाजाची बाई आहे, मला वाटायचं जगातली सगळी वाईट माणसं ओरडतात. हा माणूस आवाजही न चढवता हे करत होता. आणि मी त्याला दोन पुरणपोळ्या जास्तीच्या वाढल्या होत्या, वरून तूप. 

रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. पुढं फोनची रिंग, मग स्पीकरवर एक बाई. मी ओळखलं आणि माझा विश्वासच बसेना. माझी जाऊ. "अवं पोरी, मीच सांगतलं त्याह्यले. संसारात लपवाछपवी चांगली नाही. ते समजदार आहेत, तू जरा तोंड आवर." मग तो म्हणाला, "थँक्यू आई, तुम्ही ठेवा आता, मी समजावतो तिला." फोन ठेवल्याचा आवाज. "ऐकलंस? आता सांग, तुझं कोण आहे?" आणि पुन्हा तो आदळल्याचा आवाज.

न्हाणीचं दार ढकलून जाऊ आत आली. "अवं, तांदूळ घ्याले गेली का पेराले? जवाईबापू गाडीजवळ जाऊन उभे राह्यले." माझं तोंड पाहून ती थबकली. "काय झालं तुले?"

पोरीनं मला सांगितलं होतं, आईबी नको. मी त्या न्हाणीत उभी राहून विचार केला, की आता हिला मी काय सांगू? मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. म्हणाली असती, तू तापट, तुले माणसं कळत नाही, तुह्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. सांगणारी मी मध्ये आले असते आणि सगळं माझ्यावरच अडकलं असतं.  रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं आणि मोबाइल तिच्या कानाला धरला.

मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. पाहायला नको होतं, पण नजर हलली नाही. आधी ती हसली, जवायाचा आवाज ओळखून. मग ते हसू तसंच राहिलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. मग पहिला आवाज झाला तेव्हा तिनं खांदा आत घेतला, जसं काही तिलाच लागलं. मी मोबाइल काढायला गेले तर तिनं माझा हात दाबून धरला आणि शेवटपर्यंत ऐकलं. तिचा स्वतःचा आवाज आला तेव्हा ती न्हाणीतल्या पालथ्या बादलीवर बसली.

"हा माहाच आवाज आहे," ती म्हणाली.

"हो बाई."

"मी ठेवला फोन, अन् त्याच्यानंतर हे?"

मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तिचा, त्याचा, माझा, कोणाचा ते कळत नव्हतं. ती मात्र रडली नाही. पदरानं तोंड पुसलं, उठली, आणि तांदळाचा डबा तिथंच ठेवून बाहेर निघाली. मी मागोमाग.

अंगणात बाया निरोपाला उभ्या होत्या. गाडीची डिकी उघडी, आत पुतणीची बॅग ठेवलेली. पुतणी दारात उभी, ओटीसाठी पदर पसरून. जवाई आम्हाला पाहून पुढे आला. जावेच्या चेहऱ्यावरून त्याला काहीतरी कळलं असावं, कारण त्याचा आवाज आणखी मऊ झाला. "आई, जरा बाजूला या ना," तो म्हणाला. "थोडं बोलायचं होतं तुमच्याशी. हिच्याबद्दलच."

जाऊ त्याच्या बाजूनं निघून गेली. डिकीतून तिनं बॅग ओढून काढली. जड होती, दोन्ही हात लावले. मी धरायला गेले तर तिनं मला हात लावू दिला नाही.

"माह्यासंगं नका बोलू," ती त्याला म्हणाली. "तिच्यासंगं बोला, इथं, सगळ्याइच्या समोर. मी आता मधे नाही." मग तिनं हात पुढं केला. "अन् पोरीचा मोबाइल द्या."

 बायांना काहीच कळलं नव्हतं, पण उखाण्यातलं राहिलेलं नाव आता सगळ्यांना आठवलं असावं. एकेकीचं तोंड उतरत गेलं. त्यानं चारी बाजूंना पाहिलं, खिशातून मोबाइल काढला आणि दिला.

जाऊ बॅग ओढत दाराशी आली. पुतणी अजून पदर पसरूनच उभी होती. तिनं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि दुकानात विचारायची तसं, पण जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, "पोचलं?"

मी तोंड उघडणार, तर बॅग खाली ठेवत तिची आईच म्हणाली, "पोचलं, बाई. पोचलं."